निरनिराळ्या प्रदेशांतील वेगळ्या वाइन चाखणे आणि त्यांचे वर्णन करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाइन चाखण्याच्या बैठकांमध्ये विचारले गेलेले आणि त्यानंतरही पुन्हापुन्हा येत राहिलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. पहिले सहा-सात प्रश्न प्राथमिक आहेत, त्यानंतर एकेका प्रदेशाची चर्चा आहे आणि अडचणीचे प्रश्न शेवटी आहेत. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल, तर तिथल्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सर्व उत्तरांमागे एकच धारणा आहे : वाइनमध्ये जे वेगळे किंवा विचित्र वाटते त्याला द्राक्षाची जात, हवामान किंवा माणसाने केलेली प्रक्रिया यांपैकी काहीतरी कारणीभूत असते, आणि ते कारण कळले की वर्णन आपोआप नेमके होते.

१. वाइन चाखायची म्हणजे नेमके काय करायचे? पिण्यापेक्षा त्यात वेगळे काय?

चाखणे म्हणजे एका घोटाकडे ठरावीक क्रमाने लक्ष देणे. ग्लासात साधारण ५० मिलिलिटर वाइन घ्यावी, पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून रंग पाहावा, ग्लास न हलवता एकदा वास घ्यावा आणि मग तो गोल फिरवून पुन्हा घ्यावा. त्यानंतर लहानसा घोट तोंडात सगळीकडे खेळवून ओठांतून थोडी हवा आत ओढावी. ही हवा ओढण्याची क्रिया पाहणाऱ्याला नाटकी वाटते, पण तिला कारण आहे. ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग हा तोंडातून घशामागच्या वाटेने नाकात पोहोचलेला गंध असतो, आणि हवेमुळे तो अधिक मोकळा होतो. शेवटी, घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती वेळ रेंगाळते हे पाहावे. थुंकण्याचा आपल्याकडे संकोच वाटतो. मात्र एका बैठकीत आठ-दहा वाइन असतील आणि शेवटच्या वाइनबद्दलही काही विश्वासार्ह लिहायचे असेल, तर त्याला पर्याय नाही.

२. रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी असे सगळे सांगतात. पुण्यात एप्रिल महिन्यातही?

नाही. हा सल्ला युरोपातील थंड घरांमधून आला आहे. तिथे खोलीचे तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअस असे. आपल्याकडे ३२ अंशांना ओतलेल्या रेड वाइनमध्ये मद्यार्काचा भपका तेवढा वर येतो आणि फळाचा गंध त्याखाली दबतो. ती पिण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. उलट चूक पांढऱ्या वाइनबाबत होते. फ्रिजमधून काढल्या काढल्या, चार-पाच अंशांना तिला वासच नसतो, म्हणून तिचे वर्णन करायचे असेल तर ती १० ते १२ अंशांवर येईपर्यंत थांबावे. चाखण्याआधी तासभर पान, तंबाखू, बडीशेप आणि तिखट खाणे टाळावे. बैठकीच्या खोलीत अगरबत्ती आणि अत्तर नसावे.

३. लिची, मिरी, केळे, गुलाब असे वास वर्णनात लिहिलेले असतात. हे पदार्थ वाइनमध्ये घातलेले असतात का?

घातलेले नसतात, तरीही ही वर्णने निव्वळ कल्पनाविलास नव्हेत. पुष्कळदा त्या पदार्थाला वास देणारे रेणूच वाइनमध्ये असतात. फ्रान्सच्या आल्झास प्रदेशातील गेवुर्ट्झट्रामिनर या द्राक्षाच्या वाइनला लिचीचा स्पष्ट वास येतो, कारण लिचीच्या गंधात महत्त्वाचे असलेले रोझ ऑक्साइड तिच्यातही असते. बोजोले नूव्हो ही नवी वाइन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते. तिच्यासाठी न फोडलेले घड बंद टाकीत कार्बन डायऑक्साइडमध्ये आंबवतात, आणि तिच्यात अनेकदा जाणवणारा केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेटचा असतो. व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास बहुधा ओकच्या नव्या पिंपातून येतो. मिरीबद्दल पुढील उत्तरात, मेथीबद्दल प्रश्न १२ मध्ये पाहावे.

४. मला यांपैकी एकही वास येत नाही. माझे नाक खराब आहे का?

बहुधा नाही, फक्त वासाला नाव देण्याचा सराव नसतो. स्वयंपाकघरातले डबे डोळे मिटून हुंगून पाहिले, तर रोजचे धणे आणि जिरेही पहिल्या खेपेस चुकतात. हाच सराव वाइनला उपयोगी पडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संकुलात ॲन नोबल यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेले गंधचक्र याच कामासाठी आहे. त्यात ‘फळ’ या ढोबळ वर्गापासून ‘लिंबूवर्गीय’ आणि तिथून ‘ग्रेपफ्रूट’ असे पायरीपायरीने बाहेर जाता येते. पहिल्या पायरीवर थांबणे हेही वर्णनच आहे.

अर्थात काही गंध काही जणांना खरोखरच येत नाहीत. शिराझ या काळ्या द्राक्षाच्या वाइनमधील मिरीच्या वासामागे रोटुंडोन हा रेणू असल्याचे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले, आणि त्याच अभ्यासात सुमारे पाचांतील एका व्यक्तीला तो मोठ्या प्रमाणातही जाणवला नाही. तेव्हा शेजाऱ्याने लिहिलेली मिरी आपल्याला सापडली नाही, तर ती आपल्या टिपणात उतरवू नये.

५. गूसबेरी आणि ब्लॅककरंट मी कधी खाल्लेलेच नाहीत. त्याऐवजी करवंद, जांभूळ, कोकम असे लिहिले तर चालेल का?

चालेल. वाचणारा मराठी असेल तर तेच अधिक उपयोगी पडेल. न खाल्लेल्या फळाचे नाव पुस्तकातून उचलून लिहिणे हे वर्णन नव्हे. अट एवढीच की उपमा नेमकी असावी. ‘पेरू’ म्हटले तर कच्चा की पिकून सुवास सुटलेला, ‘आंबा’ म्हटले तर कैरी की हापूस, हे सांगितले पाहिजे. आंतरराष्ट्रीय परीक्षेला बसणाऱ्याला मात्र तिथली ठरलेली शब्दावली वापरावी लागते, म्हणून आपल्या शब्दाशेजारी तिचा शब्दही टिपून ठेवावा.

६. टिपण लिहायला सुरुवात कुठून करावी?

गंधांच्या यादीपासून करू नये. आधी वाइनची बांधणी लिहावी, कारण तिच्याबाबत दोन माणसांचे सहसा एकमत होते. आंबटपणा लाळेवरून ओळखावा. घोट गेल्यावर जिभेच्या कडांना जितके पाणी सुटते, तितके आम्ल अधिक. तुरटपणा म्हणजे टॅनिन. काजूचे बोंड खाल्ल्यावर हिरड्या आणि गाल जसे आवळून येतात, तसेच इथेही होते. तो खरखरीत आहे की मऊ, हेही नोंदवावे. मद्यार्क घशात ऊब देतो. दाटपणा म्हणजे वाइन तोंडात पाण्यासारखी हलकी वाटते की दुधासारखी भरीव. गोडव्याचा प्रश्न थोडा फसवा असल्याने तो पुढे स्वतंत्र घेतला आहे. हे सगळे झाल्यावर गंध लिहावेत, आणि तेही तीन-चारच.

जर्मनीतील मोझेल खोऱ्याच्या काबिनेट या हलक्या दर्जाच्या रीसलिंगचे (रीसलिंग हे पांढरे द्राक्ष) टिपण असे होईल : ‘रंग अगदी फिका, किंचित हिरवट. आंबटपणा तीव्र, गोडवा स्पष्ट, पण दोन्ही एकमेकांना धरून. तुरटपणा नाही. मद्यार्क कमी, अंगाने हलकी. हिरवे सफरचंद, लिंबाची साल, पांढरी फुले. चव बराच वेळ टिकते आणि शेवटी आंबटपणा मागे उरतो.’ ‘सुंदर’, ‘राजेशाही’ आणि ‘मोहक’ या शब्दांनी वाचकाच्या हाती काही पडत नाही.

७. बाटलीवर ‘ड्राय’ (कोरडी, म्हणजे गोड नसलेली) लिहिले आहे, तरी वाइन गोड लागते. हे कसे?

गोडवा आणि फळाचा गंध यांची इथे गल्लत होते. पिकलेल्या फळाचा वास आला की मेंदू साखरेची अपेक्षा करतो. नाक चिमटीत धरून घोट घ्यावा. तरीही जिभेला गोड लागले तर बहुधा साखर आहे, गोडी नाहीशी झाली तर तो केवळ गंध होता. जास्त मद्यार्कही किंचित गोडसर भासतो.

याची उलट बाजूही आहे. आंबटपणा पुरेसा असेल तर लिटरमागे चाळीस ग्रॅम साखर असलेली मोझेलची रीसलिंगही चिकट गोड लागत नाही. अशा वेळी बाटलीवरचा मद्यार्काचा आकडा पाहावा. मोझेलच्या बाटलीवर ८ टक्के लिहिले असेल, तर द्राक्षातली सगळी साखर आंबलेली नाही आणि वाइन गोडसर असणार. १२ टक्के असेल तर ती बहुधा कोरडी आहे.

८. द्राक्ष एकच असूनही प्रदेशानुसार वाइन इतकी का बदलते?

सोव्हिन्यों ब्लाँचे उदाहरण सर्वांत सोपे आहे, कारण या द्राक्षाचे दोन गंध वेगवेगळे ओळखता येतात. हिरव्या ढोबळी मिरचीचा किंवा कापलेल्या गवताचा वास पायराझिन वर्गातील रेणूंचा असतो. ते फळ पिकताना आणि उन्हात कमी होत जातात. पॅशनफ्रूट आणि ग्रेपफ्रूटचा वास थायोल या गंधकयुक्त रेणूंचा असतो. फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातील सांसेरची वाइन थंड हवेतली, संयत असते. तिच्यात लिंबू, ओले गवत आणि ताठ आंबटपणा अधिक. न्यूझीलंडमधील मार्लबरो येथे थंड हवा आणि प्रखर ऊन एकत्र येतात, त्यामुळे दोन्ही गंध एकदमच अंगावर येतात. पहिल्या ग्लासाला ते सुखावते. दुसऱ्याला मला थोडे बोचते. नाशिकची सोव्हिन्यों या दोहोंहून वेगळी का, ते प्रश्न १७ मध्ये आहे.

शिराझचेही असेच. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या उत्तर भागात, कोर्नास किंवा कोत-रोती येथे, तिच्यात मिरी, काळे ऑलिव्ह आणि मांसाचा वास असतो. ऑस्ट्रेलियाच्या उष्ण बरोसा खोऱ्यात तीच जात शिजवलेल्या जांभळ्या फळांकडे आणि चॉकलेटकडे झुकते.

९. ‘दगडाची चव’ किंवा ‘मिनरल’ असे लिहितात. मुळे खरोखर दगडाची चव शोषतात का?

शोषत नाहीत. वेलीची मुळे पाण्यात विरघळलेले क्षार घेतात. ते वाइनमध्ये फार अल्प प्रमाणात उतरतात, आणि खडकाला स्वतःची अशी चव जवळजवळ नसतेच. फ्रान्समधील शाब्ली या वाइनप्रदेशाच्या जमिनीत शिंपल्यांचे जीवाश्म आहेत हे खरे, पण तिथल्या वाइनमध्ये जाणवणारा शिंपल्याचा भास त्या जीवाश्मांमधून आलेला नाही. जमिनीचा परिणाम होतो तो निचरा, उष्णता धरून ठेवणे आणि पाण्याची उपलब्धता यांमार्फत. मोझेलच्या उभ्या उतारांवरील काळा पाटीचा दगड दिवसा तापतो आणि त्या थंड खोऱ्यात द्राक्ष पिकायला मदत करतो.

तरीही हा शब्द टाकून द्यावा असे मला वाटत नाही. फळाचा गंध कमी, आंबटपणा जास्त, किंचित खारटपणा आणि गारगोटीच्या ठिणगीसारखा वास एकत्र आले की तो वापरतात. मात्र ‘मिनरल’ एवढेच न लिहिता यांतले नेमके काय जाणवले ते लिहावे.

१०. जुन्या रीसलिंगला रॉकेलचा किंवा पेट्रोलचा वास आला. ती टाकून द्यावी का?

टाकू नये. द्राक्षातील कॅरोटिनॉइड द्रव्यांच्या विघटनातून टीडीएन नावाचा रेणू तयार होतो, त्याचा हा वास आहे. मण्यांवर जितके ऊन जास्त आणि बाटली जितकी जुनी, तितका तो वाढतो. म्हणून मोझेलमध्ये तो वर्षांनी येतो, तर ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर आणि ईडन खोऱ्यांत तरुण वाइनमध्येही सापडतो. मध आणि लिंबाच्या सालीच्या सोबतीने हलका असेल तर तो जुन्या रीसलिंगचे भूषण मानला जातो. वर्षभराच्या बाटलीत एकटाच वरचढ असेल तर काही उत्पादक स्वतःच त्याला दोष म्हणतात.

११. बारोलोचा रंग इतका फिका, मग ती इतकी तुरट कशी?

कारण रंग आणि टॅनिन ही वेगवेगळी द्रव्ये आहेत. बारोलो ज्यापासून होते त्या इटलीच्या पिएमोंते प्रदेशातील नेब्बिओलो द्राक्षात रंगद्रव्य कमी आणि टॅनिन भरपूर असते. नियमानुसार बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते आणि त्यांतले १८ महिने लाकडात. डांबर आणि गुलाब ही तिच्या वर्णनातली ठरलेली जोडी आहे, आणि ती ऐकून हसणाऱ्यांनाही ग्लास हाती आल्यावर बहुधा पटते.

१२. स्पेनची शेरी आणि फ्रान्सची ‘व्हँ जोन’ यांना अक्रोड, कच्चे सफरचंद आणि चक्क मेथीचा वास येतो. वाइन हवेने खराब झाल्यावर असेच होते ना?

काही अंशी तसेच होते, म्हणूनच हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो. इतर ठिकाणी वाइन मुरताना पिंप काठोकाठ भरलेले ठेवतात, म्हणजे हवा आत राहत नाही. पूर्व फ्रान्समधील जुरा प्रदेशात सावान्यँ द्राक्षाची वाइन पिंपात घालतात आणि बाष्पीभवनाने पातळी खाली गेली तरी वरून भर घालत नाहीत. मोकळ्या पृष्ठभागावर यीस्टचा पातळ पापुद्रा धरतो. तो हवा अडवतो आणि स्वतः मद्यार्कावर जगून ॲसिटाल्डिहाइड तयार करतो. सफरचंदाचा आणि अक्रोडाचा वास मुख्यत्वे त्याचा. सहा वर्षांहून अधिक काळ हे चालते, आणि मग ती वाइन ६२ सेंटिलिटरच्या बुटक्या ‘क्लाव्हलँ’ बाटलीत भरतात. एक लिटर वाइनमधून इतक्या वर्षांनी एवढीच उरते, असे तिथे सांगतात.

मेथीचा वास हा भास नाही. या दीर्घ मुरण्यात सोटोलोन नावाचा रेणू वाढतो, आणि मेथीच्या दाण्यांना त्यांचा वास देणारा रेणूही तोच आहे. पाश्चात्त्य टिपणांत याला ‘करी’ म्हणतात. ज्याच्या घरी मेथी रोज फोडणीत पडते त्याने ‘भाजलेली मेथी’ असे लिहिले तर ते अधिक अचूक होईल.

दक्षिण स्पेनमधील हेरेस परिसराची फिनो शेरी याच तत्त्वावर होते. पालोमिनो द्राक्षाच्या वाइनमध्ये मद्यार्क घालून ती सुमारे १५ टक्क्यांवर आणतात, कारण तेवढ्यात पापुद्रा जगतो. ओलोरोसोसाठी १७ टक्क्यांच्या वर नेतात, तिथे तो मरतो आणि वाइन उघड्या हवेत तपकिरी होत मुरते. दोघींच्या मधली आमोन्तियादो काही काळ पापुद्र्याखाली आणि नंतर त्याविना मुरते. शेरी म्हणजे गोड, हा समज इथे सोडावा लागतो. फिनो अत्यंत कोरडी असते.

मग खराबी कशी ओळखावी? साध्या फळाळ पांढऱ्या वाइनमध्ये हा वास आला, रंग तपकिरी झाला आणि फळ नाहीसे झाले, तर ती गेली. व्हँ जोनमध्ये मात्र त्या वासाबरोबर तीक्ष्ण आंबटपणा आणि मिनिटभर टिकणारी चव असते. गंमत अशी की उघडलेली व्हँ जोन बरेच दिवस टिकते, पण फिनो फ्रिजमध्ये ठेवूनही आठवड्याच्या आत संपवलेली बरी.

१३. केशरी रंगाची वाइन संत्र्याची असते का?

नाही, ती पांढऱ्या द्राक्षांचीच असते. रस सालींसह आंबवला की सालींमधून रंग आणि टॅनिन उतरते. जॉर्जियातील काखेती भागात ही पद्धत फार जुनी आहे. तिथे आतून मधमाश्यांचे मेण लावलेले, तळाशी निमुळते होत गेलेले मोठे मातीचे रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरतात. त्यांना क्वेव्री म्हणतात, आणि या पद्धतीचा युनेस्कोने २०१३ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. र्कात्सितेलीसारख्या द्राक्षाचा रस तिथे साली, बिया आणि कधी देठांसह पाच-सहा महिने राहतो. चाखताना डोळे मिटावेत. पांढऱ्या वाइनची अपेक्षा असली की हिचा तुरटपणा दोष वाटतो. चहा, सुके जर्दाळू, अक्रोडाची साल आणि मध शोधत गेलो की ती समजते. फार थंड दिल्यास टॅनिन कडवट होते, म्हणून १४ अंशांच्या आसपास ठेवावी.

१४. बुरशी लागलेल्या द्राक्षांची वाइन इतकी महाग का? आमच्या बागेत तर बुरशी म्हणजे नुकसान.

खाण्याच्या द्राक्षांसाठी ते नुकसानच आहे, आणि दमट हवा सतत राहिली तर वाइनच्या द्राक्षांसाठीही. बोट्रायटिस सिनेरिया ही बुरशी उपकारक ठरते ती सकाळी धुके आणि दुपारी कोरडे ऊन अशा हवेत. बोर्दोच्या दक्षिणेला सॉटर्नमध्ये थंड सिरों नदी गारोनला मिळते तिथे असे धुके पडते; हंगेरीतील टोकायमध्ये ते बोद्रोग आणि तिसा या नद्यांमुळे. बुरशी सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते, पाणी उडून जाते आणि साखर, आम्ल व गंध आटून येतात. असे मणी एकाच वेळी तयार होत नसल्याने मजूर त्याच वेलीकडे अनेकदा फिरून मणी निवडतात, आणि किमतीचे मुख्य कारण हेच आहे.

दोन्हींत मध, जर्दाळू, संत्र्याच्या सालीचा मुरंबा आणि केशर सापडते, पण बांधणी वेगळी असते. सॉटर्न सेमियों द्राक्षामुळे भरीव आणि तुपकट असते, तर टोकायची आसू वाइन फुरमिंत द्राक्षाच्या आंबटपणामुळे धारदार, त्यामुळे लिटरमागे १२० ग्रॅमहून अधिक साखर असूनही ती जड होत नाही. आटलेल्या मण्यांच्या वजनानेच ठिबकणाऱ्या रसाची ‘एसेंसिया’ हा याचा कळस आहे. तिच्यात लिटरमागे किमान ४५० ग्रॅम साखर असते, आणि तो पाक आंबता आंबता वर्षे जातात.

१५. ग्रीसच्या रेत्सिनाला टर्पेंटाइनसारखा वास का येतो?

कारण तिच्यात आंबवताना आलेप्पो पाइन झाडाची राळ घालतात. प्राचीन काळी मातीचे कुंभ राळेने बंद करीत, त्यातून ही आवड टिकून राहिल्याचे मानले जाते. चांगल्या रेत्सिनात राळेआड लिंबू आणि सफरचंद जाणवले पाहिजे. केवळ राळ असेल तर खालची वाइन सुमार आहे असे खुशाल लिहावे.

१६. गोव्याची गोड ‘पोर्ट’ आणि पोर्तुगालची पोर्ट एकच का? आणि मदेरा वेगळी कशी?

एक नव्हेत. पोर्तुगालच्या दौरो खोऱ्यातील पोर्टमध्ये आंबण्याची क्रिया अर्ध्यावर असताना द्राक्षाचा तीव्र मद्यार्क घालून ती थांबवतात, त्यामुळे द्राक्षाची स्वतःची साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क सुमारे २० टक्क्यांवर जातो. गोव्यात त्या नावाने मिळणारी स्वस्त, हलकी, गोड लाल वाइन तशी बनत नाही. ती बर्फ घालून पिणाऱ्यांशी माझे भांडण नाही, फक्त तिच्यावरून दौरोची कल्पना करू नये.

मदेरा ही अटलांटिकमधील पोर्तुगीज बेटाची वाइन. हिंदुस्थानकडे आणि पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांवरील पिंपे उष्ण कटिबंधातून फिरून आल्यावर वाइन सुधारते असे व्यापाऱ्यांच्या लक्षात आले, आणि पुढे तीच उष्णता बेटावर मुद्दाम देऊ लागले, कधी तापवलेल्या टाक्यांत तर कधी माळ्यावरच्या पिंपांत वर्षानुवर्षे. जळकी साखर, भाजलेले बदाम, संत्र्याची साल आणि तीव्र आंबटपणा ही तिची खूण. सेर्सियल सर्वांत कोरडी, मग वेर्देल्यो, बुआल आणि सर्वांत गोड माल्मसी. उष्णता आणि हवा दोन्ही तिने आधीच सोसलेली असल्याने उघडलेली बाटली महिनोन्‌महिने टिकते.

१७. नाशिकच्या वाइनचे प्रामाणिक वर्णन कसे करावे?

आधी हवामान समजून घ्यावे. नाशिक २० अक्षांशावर आहे, वाइनच्या पारंपरिक पट्ट्याच्या बरेच दक्षिणेला. इथे वेलीची एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, पावसानंतर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि घड जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. युरोपात द्राक्ष पिकत असताना दिवस थंड होत जातात. आपल्याकडे शेवटच्या आठवड्यांत ते तापत जातात. त्यामुळे साखर झपाट्याने चढते, आम्ल उतरते आणि तोडणीचा दिवस चार दिवसांनी चुकला तरी ग्लासात कळते. कित्येक ठिकाणी पहाटे तोडणी करतात ती याचसाठी. आणखी एक : थॉमसन सीडलेस, सोनाका, तास-ए-गणेश ही खाण्याची द्राक्षे आहेत. वाइनचे मणी लहान, जाड सालीचे आणि बियांचे असतात.

इथली शेनिन ब्लाँ पिकलेला पेरू, पपई आणि किंचित गोडव्यासह येते. तिखट जेवणाशी ती जुळते. सोव्हिन्यों ब्लाँमध्ये ढोबळी मिरची आणि गवत अनेकदा पुढे असते, कारण आंबटपणा राखण्यासाठी लवकर तोडणी केली की पायराझिनही राहते (प्रश्न ८). शिराझमध्ये पिकलेले जांभूळ आणि धूर सापडतो, मिरी त्या मानाने कमी. अकलूजकडील सांजोवेजे द्राक्षाची वाइनही आवर्जून चाखावी. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे. ते मूळ स्थान सांगते, दर्जाची हमी देत नाही. आपल्या मातीची म्हणून वाइनला दोन गुण वाढवून देण्याची सवय मात्र टाळावी. ओकचा वास फळावर चढलेला असेल तर तसे लिहावे.

१८. दोष आणि वैशिष्ट्य यांतला फरक नेमका कसा ठरवायचा?

काही दोष कुठेही दोषच असतात. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कोंदट तळघराचा वास आणि त्यासोबत नाहीसे झालेले फळ म्हणजे बहुधा बुचातून आलेले टीसीए नावाचे द्रव्य. ते अपायकारक नसते, पण उपायही नसतो, बाटली परत करावी. सडलेल्या अंड्याचा वास हवा लागल्यावर अनेकदा जातो, म्हणून दहा मिनिटे थांबावे.

दोष आणि वैशिष्ट्य यांच्या मधल्या वासांबाबत निर्णय प्रमाणावर ठरतो. ब्रेटानोमायसिस या यीस्टमुळे येणारा गोठ्याचा, चामड्याचा वास ऱ्होनच्या जुन्या धाटणीच्या वाइनमध्ये थोडा असला तर काहींना आवडतो. तो फळ झाकू लागला तर दोष. नेलपॉलिशसारखा वास टोकायमध्ये किंचित खपतो, ताज्या पांढऱ्या वाइनमध्ये नाही. स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हा वास त्या प्रदेशाच्या पद्धतीत बसतो का, आणि बसत असेल तर त्यामागे बाकीची वाइन अजून जाणवते का?

१९. तज्ज्ञही फसतात असे ऐकले आहे. मग या वर्णनांवर विश्वास का ठेवावा?

फसतात हे खरे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतील प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन आणि तीच लाल रंग मिसळून दिली, तेव्हा त्यांनी दुसरीचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. त्यातून निघते ते असे की डोळा नाकाला वळण लावतो. वर्णन निरर्थक आहे, असे त्यातून निघत नाही. लेबल झाकून चाखण्याचे कारणही हेच. १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी बाटल्या झाकून चाखल्या आणि पांढऱ्या व लाल अशा दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली ठरवली. लेबल दिसत असते तर असा निकाल लागला असता असे वाटत नाही. घरीही हे करता येते. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळाव्यात, टिपण लिहून मग उघडाव्यात आणि लिहिलेले नंतर बदलू नये.

२०. तळाशी काचेच्या कणांसारखे स्फटिक दिसले, आणि दुसऱ्या बाटलीत साध्या वाइनला बुडबुडे आले. या बाटल्या परत कराव्यात का?

स्फटिकांसाठी नको. द्राक्षात टार्टारिक आम्ल असते, तेच जे चिंचेतही असते, आणि थंडीत त्याचा पोटॅशियम क्षार बाहेर पडून तळाशी बसतो. त्याला वास नसतो आणि अपायही नसतो. बाटली हळूच ओतावी. जुन्या रेड वाइनमधला गडद गाळ रंगद्रव्य आणि टॅनिनचा असतो. तो कडवट लागतो, म्हणून बाटली दिवसभर उभी ठेवून शेवटचे दोन घोट सोडून द्यावेत.

बुडबुड्यांचे उत्तर वाइन कोणती त्यावर आहे. पोर्तुगालच्या व्हिन्यो व्हेर्देमध्ये आणि मोझेलच्या तरुण रीसलिंगमध्ये जिभेला हलकी चुणचुण असणे सामान्य आहे. चार वर्षे जुन्या रेड वाइनमध्ये बुडबुडे आले आणि त्यासोबत गढूळपणा व खमिराचा वास असेल, तर ती बाटलीत पुन्हा आंबू लागली आहे. ती परत करावी. वास स्वच्छ असेल तर ग्लास जोरात फिरवून वायू काढून टाकावा आणि मगच तुरटपणाबद्दल लिहावे, कारण विरघळलेला वायू टॅनिनला आहे त्याहून खरखरीत करून दाखवतो.